व्हायकिंगांचे छापे: सोनंचांदी की माणसं?

सागरगोटा:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं, आज वेळ मिळालाय तर लिहून टाकते. लांबलंय, सवडीने वाचा.

मागच्या सप्टेंबरात आई इकडे न्यूकासलला आली होती, तेव्हा तिला घेऊन लिंडिसफार्नला गेलो. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याला लागून असलेलं छोटंसं बेट. ओहोटीला पाणी मागे हटतं आणि मधला रस्ता उघडा पडतो, तेवढ्यात गाडी काढायची, भरती आली की रस्ता पाण्याखाली आणि बेट पुन्हा बेट. रस्त्याच्या कडेला उंच खांबांवर एक छोटी खोली आहे, वेळ चुकून मध्येच अडकलात तर गाडी तिथेच सोडून वर चढून बसायला. आई बराच वेळ त्या खोलीकडे बघत होती, मग म्हणाली, "म्हणजे भरती असेल तर इथून कुणाला पळूनही जाता येत नाही गं." मी इतकी वर्षं व्हायकिंगांवर वाचतेय, पण त्या जागेकडे असं कधी बघितलंच नव्हतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. ८ जून ७९३ ला या बेटावरच्या मठावर समुद्रातून धाड पडली. संत कथबर्टची समाधी इथे होती, त्यामुळे राजेरजवाड्यांच्या देणग्या, सोन्याचांदीची भांडी, रत्नजडित वेष्टनातले ग्रंथ असं सगळं एका ठिकाणी आणि राखणीला कोणी नाही, कारण देवाच्या घरावर कोण हात टाकणार असाच सगळ्यांचा समज. अँग्लो-सॅक्सन बखरीत लिहिलंय की त्या वर्षी आधी वावटळी आल्या, विजा चमकल्या, आकाशात आगीचे ड्रॅगन उडताना दिसले, मग दुष्काळ पडला आणि मग 'परधर्मी' आले.

बेटावरच्या म्युझियममध्ये एक तुटका दगड आहे, ९व्या शतकातला, कुणाच्या तरी थडग्यावरचा. एका बाजूला सात माणसं ओळीने, हातात तलवारी आणि कुऱ्हाडी उगारलेल्या. दुसऱ्या बाजूला क्रॉस, सूर्य, चंद्र आणि वाकून प्रार्थना करणारी माणसं. वीतभर-दोन वीत जागेत कोरलंय सगळं. चेहरे झिजलेत पण उगारलेले हात अजून स्पष्ट दिसतात. आईने चष्मा पुसून पुसून ते सातही मोजले.

आता मुद्द्याचं. आल्क्विन नावाचा एक विद्वान मूळचा यॉर्कचा, फ्रँक लोकांच्या (आजचा फ्रान्स-जर्मनीकडचा भाग) शार्लमेन राजाच्या दरबारात होता. त्याने या हल्ल्यानंतर पत्रं लिहिली, तीच सगळीकडे दिली जातात, देवळात रक्त सांडलं वगैरे. पण लिंडिसफार्नच्या बिशपला, हिगबाल्डला लिहिलेल्या पत्रात शेवटाकडे एक गोष्ट येते. तो म्हणतो की शार्लमेन राजा मोहिमेवरून परत आला की मी त्याच्याकडे जाईन आणि तुमची जी मुलं परधर्मी पकडून घेऊन गेलेत त्यांच्यासाठी काही करता आलं तर नक्की करीन.

मुलं! म्हणजे मठात शिकायला ठेवलेली पोरं. म्हणजे या गाजलेल्या छाप्यातसुद्धा जहाजात भरून नेलेल्या ऐवजात जिवंत माणसं होती आणि आपण कुठेही वाचलं तरी समया आणि सोन्याचे क्रॉसच पुढे येतात. माझं म्हणणं असं की व्हायकिंग छाप्यांचं गणित माणसं पळवण्याच्या धंद्याशिवाय सुटतच नाही. चर्चमधलं सोनं एकदाच लुटता येतं, पण माणसं दर वर्षी मिळतात.

तुम्हाला काय वाटतं? विरोधी मतं असतील तर जास्त आवडेल.

पावसाळी:

मस्त लिहिलंयस गं, तो दगड डोळ्यासमोर उभा राहिला. माझे दोन अगदी प्राथमिक प्रश्न. व्हायकिंग ही जात होती की देश की काय? आणि ती शिंगवाली शिरस्त्राणं खरी का? मुलीच्या शाळेत फॅन्सी ड्रेस आहे म्हणून विचारते, चुकीचं घालून पाठवायचं नाहीये.

सागरगोटा:

@पावसाळी, शिंगं नकोत. त्या काळातलं बऱ्यापैकी पूर्ण म्हणता येईल असं शिरस्त्राण नॉर्वेत येरमुंडबू इथे १९४३ साली सापडलं, साधं लोखंडी टोप आणि डोळ्याभोवती चष्म्यासारखी पट्टी. शिंगवाले टोप डेन्मार्कमध्ये सापडलेत पण ते ब्राँझयुगातले, व्हायकिंगांच्या दीडएक हजार वर्षं आधीचे. आज डोक्यात बसलेलं चित्र १८७६ साली जर्मनीत झालेल्या वाग्नरच्या ऑपेराच्या वेशभूषेतून पसरलं.

आणि व्हायकिंग हे मूळात काम आहे, जात नाही. त्यांच्या भाषेत 'व्हायकिंगला जाणं' म्हणजे समुद्रावर लुटीला जाणं. बहुतेक लोक घरी शेती, गुरं, मासेमारीच करायचे. ज्यांच्यावर धाड पडायची ते त्यांना डेन म्हणायचे, नॉर्थमेन म्हणायचे, आयर्लंडमध्ये नुसतं 'परके'.

कंदील:

धागा चांगला आहे पण मला थोडं वेगळं मांडायचंय. लिहिता येणारे सगळे मठात, लुटले गेले ते पण मठातलेच, मग बखरी एकतर्फी असणारच ना? ७८२ मध्ये याच शार्लमेनने जर्मनीत व्हर्डनला एका दिवसात ४५०० सॅक्सन कैद्यांची डोकी उडवली असं त्याच्याच बाजूच्या बखरीत लिहिलंय, त्याला कोणी रानटी म्हणत नाही, उलट युरोपचा जनक म्हणतात. आयर्लंडमध्ये तर ख्रिश्चन राजेच मठ जाळत होते, मुन्स्टरचा राजा फेलिमिद स्वतः धर्मगुरू होता आणि त्याने ८३०च्या दशकात क्लॉनमॅकनॉइसच्या मठातले लोक मारले. गुलामगिरीसुद्धा तिथे आधीपासून होती, इंग्लंडात होती, फ्रँक लोकांत होती.

आणि ७९३ ला सगळं आकाशातून पडल्यासारखं सुरू झालं हेही खरं नाही. आल्क्विनच्याच दुसऱ्या पत्रात, नॉर्थंब्रियाच्या (लिंडिसफार्न ज्या राज्यात होतं त्या) राजाला लिहिलेल्या, तो ओरडतोय की तुम्ही लोक केस आणि दाढ्या या परधर्मीयांसारख्या ठेवता! म्हणजे ओळख होती, येणंजाणं होतं. ७८९च्या सुमाराला दक्षिणेला पोर्टलंडजवळ तीन जहाजं आली, तिथला राजाचा कारभारी व्यापारी समजून त्यांना सरकारी वाड्यावर न्यायला गेला आणि मारला गेला. व्यापारी समजून गेला याचा अर्थ व्यापारी नेहमी यायचे. तेव्हा एकाच रंगात रंगवू नका एवढंच.

वल्हवत:

दोघांचंही पटतंय. मी कोपनहेगनला असतो म्हणून जहाजांची बाजू सांगतो, कारण जहाज समजल्याशिवाय छापा समजत नाही असं माझं प्रामाणिक मत आहे.

रॉस्किल्डला, ट्रेनने अर्ध्या तासावर, खाडीच्या काठावर म्युझियम आहे. १०७०च्या सुमाराला शहराकडे येणारी वाट अडवायला लोकांनी जुनी जहाजं दगड भरून मुद्दाम बुडवली होती, १९६२ मध्ये तिथे बांध घालून पाणी उपसून पाच जहाजं बाहेर काढली. त्यातलं सगळ्यात लांब, ३० मीटरच्या आसपास, लढाऊ जहाज. त्याच्या ओक लाकडाच्या वर्षवलयांवरून कळलं की झाड आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ तोडलेलं, साल १०४२! त्या जहाजाची हुबेहूब प्रतिकृती बांधून २००७ मध्ये साठेक माणसं रॉस्किल्डहून डब्लिनला समुद्रमार्गे गेली.

उन्हाळ्यात तिथे तुम्हाला छोट्या होड्यांत वल्ही मारायला नेतात. मी गेलो होतो. पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ, माझं वल्हं पुढच्याच्या वल्ह्यावर, त्याचं त्याच्या पुढच्यावर, मग बाई शीळ घालून ठेका द्यायला लागल्या आणि कधी जमलं कळलंच नाही, होडी एकदम हलकी झाली. हाताला पाइनच्या डांबराचा वास येतो तो आंघोळ करून पण जात नाही. फळ्या करवतीने कापलेल्या नसतात, ओंडका मध्यातून फोडत फोडत काढतात म्हणजे लाकडाची शीर तुटत नाही आणि पातळ फळी पण चिवट राहते. एकीची कड दुसरीवर चढवून लोखंडी रिबिटांनी ठोकायच्या, मध्ये डांबरात भिजवलेली लोकर. त्यामुळे लाट आली की जहाज कडक राहून तडकत नाही, अंग वाकवतं.

आणि मुख्य म्हणजे तळ उथळ. एवढ्या मोठ्या जहाजाला साधारण मीटरभर पाणी पुरतं. धक्का नको, बंदर नको, सरळ वाळूत घालायचं, उड्या मारायच्या, काम उरकून ढकलून पुन्हा पाण्यात. नदीतून आत शंभर-दोनशे किलोमीटर जायचं. आजूबाजूचं सैन्य जमा होईपर्यंत हे समुद्रात.

सागरगोटा, तुमच्या मुद्द्याला एक जोड. शिड लोकरीचं असायचं. मेंढ्या राखा, लोकर काढा, हाताने सूत काता, मागावर विणा. मोठ्या जहाजाच्या शिडाला शंभरेक चौरस मीटर कापड लागतं, त्यात कित्येक बायकांची वर्षं जातात. एवढे हात आणायचे कुठून? मला वाटतं जहाजांना माणसं लागत होती आणि माणसं आणायला जहाजं, हे चाक असंच फिरत होतं.

पावसाळी:

बाप रे, लोकरीच्या शिडाचा विचारच केला नव्हता कधी! पण एक कळत नाही, एवढी वर्षं लोक मार खात राहिले, राजे काय करत होते?

उत्तरायण:

@पावसाळी, राजे मुख्यतः पैसे देत होते. ८४५ मध्ये व्हायकिंगांची १२० जहाजं सीन नदीतून पॅरिसवर चालून गेली. तिथला फ्रँक राजा चार्ल्स द बॉल्ड याने सैन्य नदीच्या दोन्ही काठांवर विभागलं, यांनी त्यातल्या छोट्या तुकडीवर झडप घातली आणि १११ कैदी दुसऱ्या काठावरच्यांच्या डोळ्यांदेखत फासावर लटकवले. मग चार्ल्सने ७००० पौंड चांदी मोजली तेव्हा गेले. गेले म्हणजे पुन्हा यायला. इंग्लंडचा आकडा तर चढतच गेला, ९९१ ला १०,००० पौंड, १०१२ ला ४८,०००, आणि १०१८ ला इंग्लंडचा राजा झालेल्या डेन कनूटने ७२,००० घेतले वर एकट्या लंडनकडून १०,५००. स्वीडनमध्ये ऑर्केस्टाच्या चर्चजवळ उल्फ नावाच्या माणसाचा शिळालेख आहे, त्यात अभिमानाने लिहिलंय की उल्फने इंग्लंडात तीनदा खंडणी घेतली, पहिली टोस्टीने वाटली, दुसरी थोरकेलने, तिसरी कनूटने. पगाराच्या नोंदीसारखं.

पण नुसतेच पैसे दिले असं नाही. ८६४ ला चार्ल्सने हुकूम काढून नद्यांवर तटबंदीचे पूल बांधायला घेतले, म्हणजे जहाजाची वाटच अडवायची. ८८५-८६ ला पॅरिस जवळपास वर्षभर लढलं ते पुलांच्याच जोरावर. इंग्लंडात राजा आल्फ्रेडने ८७८ ला एडिंग्टनची लढाई जिंकल्यावर तीसेक तटबंदीची ठाणी उभारली, कुठलंही गाव ठाण्यापासून साधारण एका दिवसाच्या चालीवर राहील अशी. त्यानंतर अचानक येऊन निसटून जाणं अवघड झालं. माझ्या मते या सगळ्या इतिहासात सगळ्यात शहाणं काम ते, आणि त्यावर फारसं कोणी लिहीत नाही.

सागरगोटा:

@कंदील, तुमच्या मुद्द्यांपैकी बहुतेक मान्य. शार्लमेनचं तर पूर्णच मान्य. आयरिश राजांचंही. गुलामगिरी आधी होतीच, पण समुद्रापार विक्रीचा जो आवाका यांनी आणला तो वेगळा, त्याबद्दल मी बोलतेय.

बखरी एकतर्फी आहेत म्हणता, पण अल्स्टरच्या नोंदी (आयर्लंडमधली वर्षवार बखर) वाचून बघा, त्यात रडगाणं नाही, एकेका वर्षाला दोन-दोन ओळी. ८२१: होथवर परधर्मीयांची धाड, खूप बायका पकडून नेल्या. होथ म्हणजे डब्लिनच्या खाडीचं टोक, आज तिथे लोक रविवारी मासे खायला जातात. ८६९: आर्मा हे आयर्लंडमधलं मोठं मठाचं गाव लुटलं आणि जाळलं, हजार माणसं मारली किंवा नेली. ८७१: उलाफ आणि इवार हे व्हायकिंग सरदार स्कॉटलंडहून २०० जहाजं घेऊन डब्लिनला परतले, सोबत इंग्रज, ब्रिटन आणि पिक्ट लोकांचा प्रचंड मोठा कैद्यांचा ताफा. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी स्कॉटलंडमधल्या डंबार्टनच्या किल्ल्याला चार महिने वेढा घातला होता. ८९५: आर्माहून ७१० माणसं कैद. मोजून ७१०! कोणीतरी परत येऊन घरोघर मोजलं असेल, कोण आहे आणि कोण नाही.

डब्लिनच मुळात ८४१ ला जहाजं नांगरायचा तळ म्हणून वसलं आणि पुढे गुलामांची मोठी बाजारपेठ झालं. आणि सण बघून यायचे. फ्रान्समधल्या नान्तवर २४ जून ८४३ ला धाड पडली, त्या दिवशी सेंट जॉनचा सण, गाव माणसांनी भरलेलं, बिशपला चर्चमध्ये मारलं आणि बाकीच्यांना जहाजावर नेलं. नुसती भांडीच न्यायची असती तर गर्दीचा दिवस कशाला निवडला असता?

तुमच्या बाजूची पण एक नोंद देते कारण ती मला आवडते. ९२१ ला डब्लिनच्या गोफ्रिदने आर्मा लुटलं पण प्रार्थनाघरं, तिथले साधू आणि आजारी माणसं यांना हात लावला नाही, आणि हे ज्यांना लुटलं त्यांनीच लिहून ठेवलंय. म्हणजे मठवाल्यांना खोटंच लिहायचं होतं असं नाही.

रानजाई:

शास्त्राची बाजू मी सांगते, माझा विषय आहे. आइसलँडच्या लोकांचा डीएनए तपासला तेव्हा बापाकडून चालत आलेल्या वंशरेषा तीन चतुर्थांशाच्या आसपास स्कँडिनेव्हियातल्या निघाल्या, पण आईकडून आलेल्या निम्म्याहून जास्त स्कॉटलंड-आयर्लंडकडच्या. म्हणजे बेट वसवायला गेलेले पुरुष एका ठिकाणचे आणि बायका बऱ्याचशा दुसऱ्या ठिकाणच्या.

मात्र यावरून सगळ्या पळवून नेलेल्या होत्या असं म्हणू नये हं, स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर आधी स्थायिक होऊन तिथे रीतसर लग्न केलेली कुटुंबंही होती. पण होथच्या त्या नोंदीशेजारी हे ठेवून वाचलं की पोटात कालवतं.

अजून एक, छापे ७९३च्या आधीपासून होते याला पुरावा आहे. एस्टोनियात सारेमा बेटावर साल्मे गावी २००८ मध्ये खणकाम करताना जहाजात पुरलेली माणसं सापडली, दोन जहाजं मिळून चाळीसच्या वर पुरुष, काळ साधारण ७५०. बरेचसे तलवारीने मारलेले, मूळचे मध्य स्वीडनकडचे. डीएनएमध्ये त्यातले चार जण सख्खे भाऊ निघाले, शेजारी शेजारी ठेवलेले. सोबत पटावरच्या खेळाच्या सोंगट्या, आणि एकाच्या तोंडात राजाची सोंगटी. चार मुलगे एका जहाजातून गेले आणि चारही परत आले नाहीत, त्या घरात काय झालं असेल याचाही विचार येतो मनात.

कंदील:

रानजाई, साल्मेचं माहीत नव्हतं, आभार. सोंगट्यांवरून आठवलं. इंग्लंडात टॉर्क्सीला व्हायकिंग फौजेने ८७२-७३ चा हिवाळा काढला, तिथल्या शेतात मेटल डिटेक्टरवाल्यांना शिशाच्या शेकडो सोंगट्या मिळाल्यात, थंडीत बसून खेळत असणार. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे शंभरावर अरबी दिरहमांचे (चांदीच्या नाण्यांचे) तुकडे मिळालेत, बगदाद आणि मध्य आशियाकडची चांदी तोडून तोडून वजनावर वापरलेली. स्वीडनच्या गोटलंड बेटावर १९९९ मध्ये एका शेतात ६७ किलो चांदी सापडली, त्यात १४ हजारांवर नाणी, जवळजवळ सगळी अरबी. एवढी चांदी उत्तरेकडे येत होती ती कशाच्या बदल्यात? फर, मध, मेण, अंबर हे आहेच, पण दक्षिणेला सगळ्यात जास्त भाव माणसांना होता. तेव्हा तुमचा मुद्दा बऱ्यापैकी मान्य करतो. फक्त त्याला व्हायकिंगांचा धंदा म्हणण्यापेक्षा डब्लिनपासून बगदादपर्यंतची साखळी म्हणावं, घेणारे होते म्हणून विकणारे होते.

अवांतर: याच वाटांवरून स्वीडनच्या हेल्गो बेटावर स्वात खोऱ्याकडची एक छोटी ब्राँझची बुद्धमूर्ती पोचलीये, ६व्या शतकाच्या आसपासची. फोटो शोधून नक्की बघा, कमळावर बसलेला बुद्ध, इतका शांत.

शाईदौत:

नेहमी वाचनमात्र असते, पण आज लिहितेच. स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बायबलमधल्या शुभवर्तमानांचं एक सोनेरी हस्तलिखित आहे, ८व्या शतकात केंटमध्ये लिहिलेलं, एक पान जांभळ्या रंगाचं आणि एक साधं असं. व्हायकिंगांनी ते पळवलं होतं. एका पानाच्या वरच्या आणि खालच्या कोऱ्या जागेत जुन्या इंग्रजीत मजकूर आहे: मी आल्फ्रेड सरदार (हा राजा आल्फ्रेड नव्हे) आणि माझी बायको वेरबुर्ग, आम्ही हे ग्रंथ परधर्मी फौजेकडून आमच्या शुद्ध सोन्याने सोडवून घेतले, कारण ते त्यांच्या हातात राहावेत हे आम्हाला सहन होईना. मग ते त्यांनी कँटरबरीच्या चर्चला दिले. समासात तिघांची नावं आहेत, तो, ती आणि त्यांची मुलगी आल्थ्रिथ. व्हायकिंगांना सोन्याची अक्षरं वाचायची नव्हती, पण ज्यांना वाचायची आहेत ते पैसे देतील हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माणसांचंही तसंच चालत असणार ना, सोडवायला येणारा असेल तर खंडणी, नसेल तर बाजार?

सागरगोटा:

@शाईदौत, अगदी तसंच. त्याचीच एक गोष्ट सांगून थांबते, उद्या लवकर ड्यूटी आहे.

९व्या शतकाच्या मध्याला आयर्लंडच्या लेन्स्टर भागात फिंदान नावाचा तरुण होता. त्याच्या बहिणीला व्हायकिंगांनी पकडून नेलं. वडिलांनी पैसे देऊन, सोबत दुभाष्या देऊन त्याला तिला सोडवायला पाठवलं, तर त्यांनी यालाच साखळदंड घातले आणि जहाजावर उपाशीतापाशी ठेवलं. मग त्यांच्यातच वाद झाला की खंडणी घेऊन आलेल्याला धरणं बरोबर नाही, असं केलं तर पुढे कोण येईल? त्याला सोडलं. म्हणजे धंद्याचे नियम होते.

पण पुढे त्याच्या घराण्याचं भावकीतल्यांशी वैर पेटलं, त्यांनी याला मेजवानीला म्हणून बोलावलं आणि आधीच ठरवून व्हायकिंगांच्या हवाली केलं. (कंदील, हे तुमच्या मुद्द्याला पूरक, देणारे घरचेच होते.) एकाने दुसऱ्याला विकलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं करत तो उत्तरेकडे निघाला. वाटेत स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांवर पाणी भरायला, विश्रांतीला जहाज थांबलं. त्याला जरा फिरायची मोकळीक मिळाली तेव्हा तो किनाऱ्यावरच्या एका मोठ्या खडकाच्या पोकळीत शिरला. एका बाजूला समुद्र, भरती चढत होती, पाणी अंगाशी येत होतं, आणि डोक्यावर व्हायकिंग त्याच्या नावाने हाका मारत पळत होते. एक दिवस आणि एक रात्र तो तसाच बसून राहिला. मग पाण्यात उडी घेतली आणि पोहत पलीकडच्या किनाऱ्याला लागला. शेवटी स्वित्झर्लंडमध्ये ऱ्हाइन नदीतल्या ऱ्हाइनाउ बेटावरच्या मठात जाऊन राहिला, त्याची गोष्ट तिथल्याच कुणीतरी लिहून ठेवली म्हणून आपल्याला कळते.

आईला ही गोष्ट मी काल फोनवर सांगितली. तिने आधी विचारलं, "बहिणीचं काय गं?"